खिसा पाहून नाणी

जुनी नाणी जमवतो असं सांगितलं की समोरच्याच्या डोळ्यांत आधी कौतुक येतं आणि पाठोपाठ हिशेब. ह्याच्याकडे घबाड असणार! घबाड वगैरे काही नाही हे त्याला पटवणं अवघड. जितकं जुनं तितकं महाग, ही समजूत इतकी घट्ट बसलेली आहे की सतराशे वर्षांपूर्वीचं रोमन नाणं बेताच्या पैशांत येतं म्हटलं तर ते खोटंच असणार असं लोक धरून चालतात. उलट 1939 सालचा भारतीय रुपया घ्या. वयाने पोरसवदाच. पण पुढच्याच वर्षी रुपयातली चांदी निम्म्यावर आली, आणि 1939 सालचे जुन्या चांदीचे रुपये फार थोडे सापडतात. त्यामुळे भाव गगनाला, आणि नकलाही त्याच्याच जास्त. आपल्यासारख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

स्वस्ताई येते ती मुबलकतेतून. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या टांकसाळींनी ब्राँझची बारकी नाणी अक्षरशः ढिगांनी पाडली. धामधुमीच्या काळात लोकांनी ती मडक्यांत भरून पुरली, आणि पुरणारे परत आलेच असं नाही. चीनमधल्या सोंग राजवटीची चौकोनी भोकाची नाणी तर वर्षाला अब्जावधी पडत. हजार वर्षं झाली, अजून पुरून उरताहेत.

इसवी सन 330 मध्ये कॉन्स्टँटिनोपल राजधानी झालं, त्या सुमाराला निघालेलं एक नाणं मला फार आवडतं. अंगठ्याच्या नखाएवढं. एका बाजूला शिरस्त्राण घातलेली रोमा देवी, दुसरीकडे रोम्युलस आणि रेमस या जुळ्यांना दूध पाजणारी लांडगीण. भिंगाखाली धरलं की तिने मान वळवून पोरांकडे पाहिलेलं दिसतं. वर आकाशात दोन तारे. आणि तिच्या पायाखाली, रेघेच्या खालच्या चिंचोळ्या जागेत, दोन-तीन अक्षरं. गंमत खरी तिथे आहे. ‘टी आर’ म्हणजे आजच्या जर्मनीतल्या ट्रिअरची टांकसाळ, त्यापुढे ‘पी’ असेल तर तिथला पहिला कारखाना, ‘एस’ असेल तर दुसरा. एवढुशा तुकड्यावर कारखान्याचा पत्ता! पुष्कळदा नेमकी हीच अक्षरं झिजलेली असतात. मग दिवा बाजूने धरायचा, नाणं तिरकं करायचं, आणि सावलीत काही उमटतंय का पाहत बसायचं. यात संध्याकाळ कुठे जाते कळत नाही, आणि खर्च शून्य.

बडे संग्राहक मात्र चकचकाटासाठी पैसे मोजतात. विल्यम शेल्डन नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी 1949 साली नाण्याच्या अवस्थेला 1 ते 70 असे गुण देण्याची पद्धत काढली. आज त्या गुणांच्या वरच्या टोकाला एकेका गुणाने किंमत उडी मारते. चौसष्ट आणि पासष्टमधला फरक मला भिंगातूनही दिसत नाही. माझी नाणी सगळी काठावर पास होणारी, त्यामुळे झोप छान लागते.

चकचकाटाचंच दुसरं टोक म्हणजे घासणं. तांब्यावर चढलेली गडद साय हेच नाण्याचं कवच. घासून लखलखीत केलेलं नाणं संग्राहक हातातही धरत नाहीत. मात्र फिकट हिरवी भुकटी धरू लागली तर ती साय नव्हे, रोग. क्षार आणि ओल मिळून धातू खात असतात. असं नाणं आधी वेगळं काढावं आणि कोरडं ठेवावं. आणि मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटांत तर काहीच ठेवू नये. कालांतराने ते प्लास्टिकच आम्ल सोडतं. अल्बमवर वाचवलेले पैसे असे वसूल होतात.

आणि मग शिवराई. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे दोन ओळींत ‘छत्रपति’. मूळची शिवकालीन, पण पुढे पिढ्यान्‌पिढ्या पडत राहिली. छत्र आणि पति यांच्या मधे दोन आडव्या रेघा असलेली ती दुदांडी. ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे सगळा मजकूर एका नाण्यावर क्वचितच मावतो. अक्षरंही हर कारागिराची वेगळी; कुणी ‘शिव’ कोरतो, कुणी ‘सिव’, कुणी ‘सीव’. पूर्ण मजकुराची शिवराई हवी तर खिसा मोठा लागतो. अर्धवट ठशाच्या मात्र स्वस्तात मिळतात, म्हणून मी त्याच घेत गेलो. एकीवर ‘श्री’ नीट आहे, एकीवर ‘राजा’चा ‘जा’, एकीवर ‘पति’. शेजारी शेजारी मांडून आता जवळपास सगळं वाचता येतं. फक्त ‘छ’ राहिलाय. दरवेळी तोच कडेबाहेर गेलेला असतो. विक्रेते पालथी नाणी पुढे करतात आणि मी आधी डावा कोपरा बघतो.