तुम्ही विचारलंत म्हणून : बाई, तुम्ही आता भांडणं का मिटवत नाही?

उपासना सुटल्यावर, लग्नाच्या पंगतीत, परवा तर मेथी निवडून घेताना. प्रश्न एकच. "बाई, पूर्वी नवरा-बायकोची किती भांडणं मिटवलीत, आता थेट वकिलाचा नंबर काय देता? ख्रिस्ती माणसानं जोडायचं का तोडायचं?" वर बायबलातलं मत्तय ५:९ मलाच ऐकवतात, जे शांती करणारे ते धन्य. अहो, संडेस्कूलला ते वचन तुमच्याकडून पाठ करून घेतलं ते मीच.

आणि मिटवणं मी सोडलेलं नाहीये. गेल्या वर्षी विहिरीच्या पाळीवरून दोन सख्खे भाऊ कुऱ्हाडीवर आले होते, मत्तय १८ मध्ये आहे तसं आधी एकेकट्याला गाठून, मग दोघं साक्षीला घेऊन, चार महिने चपला झिजवल्या तेव्हा कुठे मिटलं. त्याचं कुणी विचारत नाही.

विचारता ते १९९५ मुळे, जरी तुमच्यातल्या निम्म्यांना ते माहीत नसलं तरी.

डिसेंबर होता. नगरची थंडी. रात्री साडेनऊला आमच्या मंडळीतली एक पोरगी कडेवर लेकरू आणि हातात रेक्झिनची बॅग घेऊन माझ्या दारात, ओठ फुटलेला. आठ दिवस ठेवून घेतलं. मग पाळकसाहेब, दोन पंच आणि मी, माझ्याच हॉलमध्ये बैठक. नवरा रडला, खरंच रडला, गुडघ्यावर आला. आम्ही प्रार्थना केली, हात हातात दिले, मी चहा ठेवला. ती काहीच बोलली नव्हती आणि मला वाटलं चला, मान्य आहे तिला. तिची बॅग मी स्वतः उचलून रिक्षात ठेवली. नाताळच्या उपासनेला दोघं शेजारी बसलेले बघून मला इतकं भरून आलं की गाणं म्हणता येईना. खरं सांगायचं तर त्यात स्वतःचं कौतुकही होतं.

फेब्रुवारीत ती दवाखान्यात. कानावर मारलं होतं. मी मोसंबी घेऊन गेले, तर म्हणाली, "बाई, त्या दिवशी बॅग तुम्ही उचललीत, नाहीतर मी उचलली नसती." आवाजात राग नव्हता. मोसंबी मी परत घेऊन आले, का ते आजही कळत नाही.

पुढे बरीच वर्षं मी स्वतःला सांगत राहिले की तेव्हा कायदाच तसा होता. होताच. १८६९ चा. ख्रिस्ती बाईला नुसत्या मारहाणीवर घटस्फोट नाही, नवऱ्याचं बाहेरचं लफडंही सिद्ध करा. मुंबई हायकोर्टानं ती अट १९९७ ला काढली, संसदेनं २००१ ला. पण पोलिसात जायची वाट होती की, सासरच्या छळाविरुद्धचं कलम ४९८अ १९८३ पासून होतं. आम्हीच पौलाचं पत्र, १ करिंथ ६, उघडून बसलो, भावानं भावावर फिर्याद करायची नाही म्हणून. पौल तिथे देण्याघेण्याचं बोलतोय, मार खाण्याचं नाही, हे मला कान गेल्यावर सुचलं. तेही तिचा.

वचनात 'शांती करणारे' आहे, 'शांत बसवणारे' नाही, असं मी हल्ली सगळ्यांना सुनावते. ऐकायला बरं वाटतं. पण तीन वर्षांपूर्वी एका जोडप्याला मी पहिल्याच भेटीत वकिलाकडे धाडलं, मारहाण नव्हती, नुसती कडकड होती, आणि आता त्यांचा मुलगा एक रविवार आईबरोबर एक रविवार बापाबरोबर येतो. तिथे बसायला हवं होतं का मी? चार महिने, त्या विहिरीसारखं? कदाचित हो. भावांना चार महिने दिले आणि ह्यांना एक संध्याकाळ. म्हणजे तुमचा प्रश्न अगदीच चुकीचा नाहीये, फक्त विचारायची तऱ्हा डोक्यात जाते.

एवढं मात्र करते, बाईला आधी एकटीला भेटते, नवरा नाही, सासू नाही, पाळकसाहेबही नाहीत. जायचंय का, हे तिच्या तोंडून ऐकते. बॅगेला हात लावत नाही.

ती अजून येते चर्चला. तिसऱ्या बाकाच्या डाव्या टोकाला बसते, उजवा कान पुलपिटकडे येईल अशी. "सलाम बाई" म्हणते. मी सलाम म्हणते, जरा मोठ्यानं.