भुशाच्या कपाटाला दुसऱ्यांदा रंग

दिवाळीच्या आठ दिवस आधी रंगवलेलं कपाट संक्रांतीला सोललं. पोरीच्या दप्तराचं बक्कल दाराला घासलं आणि तिथून रंग उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखा सुटला. मी नख घातलं तर वीतभर पट्टी अखंड हातात आली. खाली जुना पांढरा पृष्ठभाग, जसाच्या तसा चकचकीत.

कपाट माझ्या लग्नातलं, तयार आणलेलं, पार्टिकल बोर्डाचं. मी लाकूड समजून वुड प्रायमरचा एक हात मारला होता आणि वर ऑइल पेंटचे दोन. ती सुटलेली पट्टी घेऊन अमरावतीला गाड्यांच्या रंगाच्या दुकानात गेले. दुकानदार हसले. "वहिनी, हे लाकूड नोहे. आतमंधी भुसा अन् वरून कडक कातडी. रंग कायले धरन?"

ही कातडी म्हणजे मेलामाइनच्या रेझिनमध्ये भिजवलेला कागद. उष्णता आणि दाब देऊन तो बोर्डावर बसवतात. लाकूड रंग पितं, हे पीत नाही. त्याला छिद्रंच नसतात. म्हणून आधी तेलकटपणा काढायचा, चमक मारायची आणि मग गुळगुळीत जागेला चिकटणारं प्रायमर लावायचं. मला दोन डब्यांतलं एकत्र कालवून लावायचं इपॉक्सी प्रायमर मिळालं, वर लावायला पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचा रंग. त्यात तो कडक करणारं हार्डनर मिसळायचं.

जुना रंग स्टीलच्या पट्टीने अर्ध्या दिवसात निघाला. तो तसा चिकटलेलाच नव्हता, त्यामुळे तेवढं काम सोपं.

खरी फजिती धुण्यात झाली. आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. बोअरचं पाणी इतकं खारं की साबणाला फेस येत नाही. त्याच पाण्याने कपाट धुतलं, वाळलं आणि दारावर राखेसारखी पांढरी झाक उमटली. बोट चाटून पाहिलं, मीठच! यावर रंग दिला असता तर पुढच्या पावसाळ्यात दमटपणा धरून फोड आले असते. मग पिण्याच्या नळाचं पाणी वापरलं, भांड्यांच्या साबणाने दोनदा धुतलं, दोनदा नुसत्या पाण्याने पुसलं आणि शेवटी थिनरचा बोळा फिरवला. हँडलपाशी बारा वर्षांचं खोबरेल तेल बसलेलं होतं, तिथला बोळा चौथ्या खेपेला स्वच्छ निघाला. मामाजी ओसरीवरून म्हणाले, "कपाटाले आंघोळ घालून रायली काय वं?"

घासायला 220 नंबरचा पॉलिश पेपर घेतला. जोर लावायचा नाही, फक्त चमक जायला हवी. जाड सनमायका असेल तर थोडं जास्त घासलेलं चालतं, माझ्या कपाटाची कातडी मात्र कागदाएवढीच. खणाच्या एका कोपऱ्यावर हात जड पडला आणि खालचा तपकिरी भुसा दिसला. तिथेच थांबले. तो भुसा पाणी लागलं की फुगतो. कपाटाचं तळ फरशी पुसून पुसून असंच फुगलेलं होतं. ते कानशीने सपाट केलं, चार दिवस वाळू दिलं आणि गाड्यांच्या डेंटिंगला वापरतात ती लांबी, म्हणजे पुट्टी, भरली.

प्रायमर आधी एका खणाच्या मागच्या बाजूला लावून पाहिलं. डब्यावर दिलेल्या वेळाच्या वर आणखी एक रात्र ठेवलं. मग ब्लेडने बारीक चौकटी पाडल्या, आरपार खालच्या कातडीपर्यंत. त्यावर सेलोटेप नखाने घासून बसवली आणि झटक्यात ओढली. टेपवर पांढरी धूळ आली, चौकट एकही नाही. एवढ्यासाठी उगाच नवऱ्याला शेतातून बोलावून दाखवलं.

पीयूला फोमचा चार इंची रोलर घेतला आणि तीन पातळ हात दिले. जाड हात दिला की उभ्या दारावर ओघळ येतात. हार्डनर मिसळल्यावर रंगाला वेळेचं बंधन असतं, म्हणून एका हातापुरताच कालवत होते. वासाने डोकं धरतं, नुसता रुमाल बांधून भागत नाही. दुकानातून फिल्टरचा मास्क आणला होता, दारं-खिडक्या उघड्या ठेवल्या आणि पोरीला तेवढे दिवस जावेकडे पाठवलं. गॅसची शेगडी भिंतीपलीकडे, तर स्वयंपाकही दुपारपुरता बंद.

दुसरा हात ओला असतानाच शेजारच्या खळ्यात तुरीचं मळणीयंत्र सुरू झालं. खिडकीतून कुटार उडत आलं आणि डाव्या दारावर बसलं. ओल्यात बोट घालायचा मोह आवरला. वाळल्यावर 400 नंबरच्या वॉटर पेपरने घासून पुन्हा हात दिला. मळणीवाल्यांना विचारूनच रंग द्यायला हवा होता, पण ते कुणाच्या डोक्यात येतं!

दुसऱ्या दिवशी हाताला कोरडं लागलं तरी आठ दिवस कपाटात काहीच ठेवलं नाही. कपडे पलंगावर, पोरीची पुस्तकं खुर्चीवर, पाहुणे आले ते उभेच. मामाजींनी तिसऱ्या दिवशी पानाचा डबा वर ठेवला. तो उचलला तर खाली गोल वळ उमटलेला. तेवढा भाग पुन्हा केला.

यंदाचा पावसाळा गेला. दप्तर तिथेच अडकतं. बकलाचे ओरखडे आहेत, पण नखाला काही येत नाही. डाव्या दारात तुरीच्या शेंगेचं एक टरफल रंगाखाली राहून गेलंय. पोरगी येता-जाता त्यावर बोट फिरवते.