सावली कोणाच्या नावावर?

मे महिन्यात नागपूरला सिग्नलवर कुठे थांबायचं हे झाड ठरवतं. पांढरी रेघ आपल्या जागी असते, पण तिच्या पंधरा-वीस पावलं मागे कडुलिंब असेल तर सगळ्या दुचाक्या त्याच्याखाली. पुढचा रस्ता रिकामा, तापलेला, आणि मागे डोक्याला पांढरे दुपट्टे गुंडाळलेली मंडळी हँडलला हँडल लावून पंगतीसारखी दाटीवाटीने उभी. एखादा नवखा शिस्तीत रेघेपर्यंत जातो, तिथे एकटाच उभा राहतो आणि थोड्या वेळाने मान वळवून मागे बघतो. त्याला कळतं, पण आता गाडी मागे कशी घेणार?

मी ज्या चौकाबद्दल बोलतो आहे त्याचं नाव मुद्दामच सांगत नाही. तिथली सावली जेमतेम आठ गाड्यांची आहे. उद्या तुम्ही सगळे तिकडे आलात तर मी कुठे जाऊ?

त्या आठ गाड्यांच्या सावलीत रोज दहा-बारा गाड्या मावतात. पाटी नाही, पोलीस नाही, तरी कायदे ठरलेले. लेकरू घेऊन आलेली बाई "भाऊ, थोडं सरका ना, पोरगं उन्हात हाय" म्हणाली की पुढची दोन चाकं आपोआप सरकतात. डिलिव्हरीची मोठी चौकोनी बॅग पाठीवर असलेला पोरगा कडेला जातो, कारण त्या बॅगेला एका माणसाची जागा लागते आणि हे त्यालाही माहीत असतं. सगळ्यांत जास्त राग कोणाचा येत असेल, तर काचा वर करून, एसी लावून चार दुचाक्यांची सावली अडवणाऱ्या मोटारीचा. कोणी काही बोलत नाही, नुसतं बघतात. नागपुरी माणसाचं ते बघणं मोटारीच्या काचेतूनही आत पोचतं.

आमच्या उन्हाबद्दल बाहेर फार दंतकथा आहेत आणि त्या वाढवण्यात आम्हीही मागे नसतो. 2024 च्या मे अखेरीस इथल्या एका स्वयंचलित केंद्राने 56 अंश दाखवले, देशभर बातमी झाली. मग हवामान खात्याने यंत्राचा सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. कूलरसमोर बसूनही घाम पुसणाऱ्या आम्हा लोकांना त्या 56 वर विश्वास ठेवायला काहीच अडचण गेली नव्हती. खरा नोंदलेला उच्चांकही काही कमी नाही : 2013 च्या मे महिन्यात 47.9. आणि हा आकडा सावलीतला असतो बरं का. हवामान खात्याचा तापमापक पांढऱ्या लाकडी पेटीत, झडपांच्या आड ठेवलेला असतो, त्याला ऊन लागू देत नाहीत. म्हणजे झाडाखाली हवा काही फार थंड होत नाही, फक्त सूर्य थेट अंगावर येत नाही. तेवढ्याने किती फरक पडतो हे रेघेवर एकट्या उभ्या राहिलेल्या त्या नवख्याला विचारा.

त्यात आमचं शहर 21 अंश अक्षांशाच्या थोडं वर. 26 मेच्या आसपास, म्हणजे ऐन नवतप्यात, उन्हाळ्याच्या सगळ्यांत तापलेल्या नऊ दिवसांत, दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस. विजेच्या खांबाला सावली नाही, कंपाउंडच्या भिंतीला नाही, चार मजली इमारतीलाही नाही. एरवी मुंबई-पुण्यात भिंतीच्या कडेने चालून निभतं, इथे त्या वेळी भिंत काही कामाची नसते. डोक्यावर छत धरणारंच काहीतरी हवं, आणि रस्त्यावर फुकटात ते फक्त झाड धरतं.

हे फुकटचं प्रकरण अर्थशास्त्रज्ञांनी बरंच मनाला लावून घेतलेलं आहे. पॉल सॅम्युएलसन यांनी 1954 मध्ये जेमतेम तीन पानांच्या एका लेखात मांडलं की काही गोष्टी एकाने वापरल्या म्हणून दुसऱ्याला कमी पडत नाहीत. त्यातून कोणाला अडवताही येत नसेल तर ती सार्वजनिक वस्तू, आणि बाजार ती पुरेशी कधीच पुरवणार नाही. रात्रीचा रस्त्यावरचा दिवा, देशाचं संरक्षण, अशा त्या गोष्टी. आमच्या चौकातली सावली सकाळी दहापर्यंत या व्याख्येत चपखल बसते. दुपारी एकला नववी गाडी आली की व्याख्या मोडते. आता एकाने घेतलेली सावली दुसऱ्याची जाते.

मग जीवशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन येतात. 1968 मध्ये 'सायन्स' नियतकालिकात त्यांनी गायरानाची गोष्ट सांगितली : कुरण सगळ्यांचं, गाय ज्याची त्याची, प्रत्येक जण एक गाय वाढवतो, फायदा त्याचा एकट्याचा आणि तोटा सगळ्यांत वाटलेला, शेवटी कुरणच उजाड. ही गोष्ट लोकांना इतकी पटली की तेव्हापासून कुठलीही सामाईक गोष्ट दिसली की लगेच तिच्या मरणाची तारीख काढली जाते. पण सावलीला ती लागू करून पाहा. आज शंभर जण तिच्यात उभे राहिले म्हणून उद्या सावलीचं एक पानही कमी होत नाही. गर्दी होते, चिडचिड होते, पण सावली चरून संपत नाही. ती संपते ती बुंध्याशी, आणि तिथे यांपैकी कोणीच उभं नसतं.

त्या कडुलिंबाच्या बुंध्याशीच बघू या. रस्ता सिमेंटचा झाला तेव्हा फुटपाथही झाला आणि काँक्रीट खोडाला टेकेपर्यंत ओतलं गेलं. मुळांना ना पाणी, ना हवा. दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादाने 2013 सालीच झाडांभोवतीचं एक मीटर काँक्रीट काढायला सांगितलं होतं. आमच्या झाडाभोवतीचं मात्र एका पानठेलेवाल्याने काढलं. एका रविवारी छन्नी-हातोडी घेऊन बसला आणि थाळीपेक्षा थोडं मोठं आळं मोकळं केलं. बर्फाच्या पेटीतलं वितळलेलं पाणी, गिऱ्हाइकांनी चूळ भरून उरलेलं पाणी, रात्री ठेला धुतलेलं पाणी, सगळं त्यात जातं. मी कौतुक केलं तर म्हणाला, "झाड गेलं तर माझ्या ठेल्यावर कोन उभं राहीन, भाऊ?" अर्थशास्त्रज्ञ मॅन्कर ऑल्सन यांनी 1965 मध्ये हेच सांगितलं होतं : ज्या एकाला त्या वस्तूचा इतका फायदा आहे की सगळा खर्च एकट्याने करूनही परवडतो, तो करतो, बाकीचे आयते भोगतात. गंमत अशी की कागदोपत्री पाहिलं तर हा ठेला अतिक्रमण आहे. त्या झाडाला दुसरा कोणी वाली नाही.

सावलीच्या मालकीवरून भांडण फार जुनं आहे. ग्रीक वक्ता डेमॉस्थेनिसच्या नावावर एक गोष्ट सांगतात. एकाने प्रवासासाठी गाढव भाड्याने घेतलं. दुपारी ऊन तापलं तसा तो गाढवाच्या सावलीत बसू लागला. गाढववाला म्हणाला, "ऊठ, तू गाढव भाड्याने घेतलंस, सावली नाही." श्रोते कान टवकारून ऐकू लागले तेव्हा डेमॉस्थेनिस बोलायचा थांबला आणि म्हणाला, गाढवाच्या सावलीचं ऐकता, आणि महत्त्वाचं बोललो तर लक्ष देत नाही! गोष्ट तिथेच तुटते. त्या दोघांचा निकाल काय लागला, कोणी सांगत नाही. मला आपलं वाटतं, त्याने निकाल द्यायला हवा होता. आमच्या गल्लीला उपयोगी पडला असता.

कारण आमच्या ले-आउटमध्ये नेमकं तेच गाढव आहे. पश्चिमेकडच्या ओळीत एका काकूंचं घर. पुढच्या अंगणात, गल्लीला लागून, त्यांच्या सासऱ्यांनी घर बांधताना लावलेला कडुलिंब. आता दुमजली घराच्या वर गेलेला. सकाळी त्याची सावली पडते काकूंच्या घरावर, म्हणजे ती नको असते तेव्हा. दुपार कलली की सावली गल्ली ओलांडते आणि समोरच्या ओळीवर जाते. समोरच्यांच्या खिडक्या पश्चिमेला, खिडक्यांत कूलर, कूलरवर काकूंची सावली. त्यांच्या मोटारीही तिच्यातच. आणि काकूंकडे काय राहतं? फेब्रुवारी-मार्चमधला पाचोळा, मग मोहोराचा सडा, पावसाळ्याच्या तोंडावर निंबोळ्यांचा चिखल, तुंबलेली नाली आणि फांद्या तारांना लागतात म्हणून वीजवाल्यांशी हुज्जत.

एका वर्षी काकू वैतागल्या आणि झाड तोडायचं म्हणाल्या. तेव्हा कळलं की झाड आपल्या अंगणात असलं तरी आपल्या एकट्याचं नसतं. महाराष्ट्रात शहरी झाडांसाठी 1975 चा कायदा आहे, परवानगीशिवाय तोडता येत नाही. 2021 च्या दुरुस्तीनंतर तर पन्नास किंवा त्याहून जास्त वर्षांचं झाड वारसा वृक्ष ठरतं. मला हा कायदा पटतो. पण तो कुऱ्हाड अडवतो आणि खराट्याचा खर्च मालकाच्या माथी तसाच ठेवतो, तिथे तो अर्धवट वाटतो.

उरलेला अर्धा काकूंनी स्वतः केला. पाचोळ्याच्या दिवसांत एका सकाळी गेटवर उभ्या राहून त्यांनी जाहीर केलं, "ज्याची गाडी माह्या झाडाखाली, त्यानं झाडणाऱ्या मावशीचे पैसे द्यायचे." समोरची चार घरं थोडी कुरकुरली, मग कबूल झाली. पाचोळ्याचे दोन महिने मावशीला वरचे पैसे मिळतात, गल्ली साफ राहते. पाचव्या घराने मात्र "सावली काय तुमच्या बापाची आहे का?" असं विचारलं, पैसे दिले नाहीत आणि गाडी लावतच राहिले. अशा फुकट्याचं काय करायचं? कोणी भांडलं नाही. फक्त चौघांनी गाड्या अशा लावायला सुरुवात केली की मोकळी जागा एकच उरावी : जिच्यावरच्या फांदीवर संध्याकाळी कावळे बसतात ती. पांढरी गाडी रोज सकाळी ठिपक्यांची. दुसऱ्या वर्षी पैसे आले.

एलिनोर ऑस्ट्रॉम यांना 2009 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. हार्डिनची गोष्ट सगळीकडे खरी ठरत नाही, लोक आपले आपण नियम करून सामाईक गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या टिकवतात, हे त्यांनी जगभरची उदाहरणं तपासून दाखवलं. स्वित्झर्लंडमधल्या टॉर्बेल गावाचा 1517 चा नियम त्यांनी सांगितला आहे : हिवाळ्यात जितक्या गायी पोसू शकता तितक्याच उन्हाळ्यात सामाईक कुरणावर सोडायच्या. मोजायला सोपा, चोरायला अवघड. शिक्षा आधी हलकी, मग जड, हेही त्यांच्या निष्कर्षांपैकी एक. कावळ्याच्या फांदीची नोंद त्यांनी केलेली नाही, पण त्यांना ती आवडली असती.

एवढ्या लांब जायचीही गरज नाही. आमच्या पूर्व विदर्भात, भंडारा-गोंदियाकडे, मालगुजारीच्या, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या, काळातले हजारो तलाव आहेत. कोहळी समाजातले लोक ते बांधण्यात वाकबगार. पाणी कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, आधी जाईल, तलावाच्या पाळीची, म्हणजे बांधाची, माती कोणी भरायची, सगळं ठरलेलं. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले, नाव पडलं माजी मालगुजारी तलाव, लोकांच्या तोंडी मामा तलाव. मालगुजारी जायलाच हवी होती, त्या पाळींवर वेठीचाही घाम आहे. पण तिच्याबरोबर माती भरायचा नियमही गेला आणि अनेक तलाव गाळाने भरत गेले. पाणी घेणारे राहिले, गाळ काढायची जबाबदारी दूरच्या एका कार्यालयात जाऊन बसली.

आमच्या गल्लीत सगळं सुरळीत चाललं होतं, तर मागच्या उन्हाळ्यात नवीनच निघालं. समोरच्या त्याच पाचव्या घराने छतावर सोलर बसवायचं ठरवलं. केंद्राची सूर्यघर योजना, तीन किलोवॅटला 78 हजारांची सबसिडी. बसवणारा मुलगा आला, छतावर फिरला आणि म्हणाला, दुपारनंतर झाडाची सावली येते, पॅनल नीट चालणार नाही. काल जी सावली फुकट हवी होती ती आज नुकसान झाली. झाड तेच, जागचं हललेलं नाही.

कॅलिफोर्नियाने असल्या भांडणासाठी 1978 मध्येच कायदा केला होता. त्यावरून शेजाऱ्याच्या पॅनलवर सावली पाडणाऱ्या एका जोडप्याच्या रेडवूड झाडांचं प्रकरण थेट फौजदारी खटल्यापर्यंत गेलं. मग 2008 मध्ये दुरुस्ती झाली : झाड आधीचं आणि पॅनल नंतरचं असेल तर झाडाला हात लावायचा नाही. हे मी त्या शेजाऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "भाऊ, आपण कॅलिफोर्नियात राहून राहिलो का?" मुद्दा बरोबर होता.

शेवटी तो स्वतःच काकूंकडे गेला. दोन-तीन मोठ्या फांद्या उतरवल्या तर त्याला महिन्याला किती युनिट जास्त मिळतील, याचा छापील कागद घेऊन. काकूंनी चष्मा लावून कागद वाचला, परत दिला आणि म्हणाल्या, "छाटू ना रे बाबू, काऊन नाही छाटू? पण सावली गेल्यावर तुहा कूलर दुपारचे किती युनिट खाईन, बाजूच्या तिघांचे किती खातीन, ते बी याच कागदावर लिहून आण."

तो कागद घेऊन परत गेला. कूलरचे वॅट किती, हे विचारायला काल तो माझ्याकडे आला होता.