41 चाकूंचे 23: पावसाळ्याआधीची आवराआवर

ठाणे, मे अखेर. जमवलेल्या घडीच्या चाकूंची सुरुवात 41 नगांपासून, आज डब्यांत 23. तेरा विकले, पाच वाटले. उरलेल्या 23 पैकी चारांचा निकाल अजून लागायचाय.

भाव चढलेत हे या छंदातल्या कुणाला सांगायला नको. पण कशाने चढले ते पाहिलं की काय काढायचं ते ठरवणं सोपं जातं. यातले बरेच चाकू स्वित्झर्लंडचे, आणि 2015 मध्ये स्विस फ्रँक साधारण 65 रुपयांना होता, 2025 मध्ये शंभरीच्या वर गेला. कारखान्याने पैसाही न वाढवता 30 फ्रँकची वस्तू 1950 वरून 3000 च्या पुढे गेली, त्यावर आयात शुल्क आणि दुकानदाराचा नफा वेगळा. शिवाय 18 जुलै 2022 पासून चाकूंवरचा जीएसटी 12 चा 18 टक्के झाला, चमचे-काट्यांच्या सोबतीने. आता बरेच जण इथेच अडतात: ‘अजून चढेल, राहू दे.’ पण जे मॉडेल कारखाना रोज काढतोय त्याच्या वापरलेल्या नगाला नव्याच्या खालीच भाव मिळणार, आणि खाडीकाठच्या हवेत दर पावसाळ्याला तो आणखी थोडा उतरणार. म्हणून पहिली कात्री दुबार नगांवर. किंमत किती आहे हे नंतर.

मूळ गोळाबेरीज अशी: 91 मिमी (मिटल्यावरची लांबी) लाल व्हिक्टोरिनॉक्स, म्हणजे स्विस आर्मी चाकू, 11, किल्लीच्या कडीचे 58 मिमी 7, अलॉक्स (ॲल्युमिनियमच्या मुठीचे) 5, ओपिनेल (लाकडी मुठीचे फ्रेंच) 6, जुन्या घडणीचे स्लिपजॉइंट (लॉक नसलेले, पातं नुसत्या स्प्रिंगने धरणारे) 8, लॉकबॅक (मुठीच्या पाठीवर लॉक असलेले) 4.

91 मिमीत दुबार शोधायला थर मोजायचे. स्पार्टन या मॉडेलात दोन पाती, डबाफोडणी, बाटलीफोडणी, कॉर्कस्क्रू आणि टोच्या. त्यात कात्री आणि हूक घातला की क्लाइंबर, क्लाइंबरमध्ये करवत घातली की हंट्समन. म्हणजे हंट्समन असेल तर स्पार्टनचं प्रत्येक अवजार आधीच हाताशी आहे, फरक फक्त जाडीचा: 15 मिमी विरुद्ध 21. खिशात रोज बाळगायला एक बारका आणि सॅकेत एक जाड, एवढं पुरतं. चार स्पार्टनपैकी तीन गेले, क्लाइंबर आणि हंट्समन दोनाचे एकेक झाले. अलॉक्सला हात लावला नाही. 58 मिमीचे पाच विकण्याच्या भानगडीत न पडता भाचरांना वाटले. कुरियरचा खर्च वजा जाता हातात काही उरत नाही. देताना प्रत्येकाला बजावलंय की विमानाला जाताना किल्लीच्या कडीतून काढून ठेवा. नवी मुंबईचं विमानतळ 25 डिसेंबर 2025 ला सुरू झाल्यापासून रिक्षाने विमानाला जायची सोय झाली खरी, पण हातातल्या बॅगेत पातं सापडलं की ते तिथेच राहतं.

विकण्याआधी प्रत्येक नगाची तपासणी, आणि ती डोळ्यांनी पुरत नाही. आलेखाच्या कागदावर नव्या नगाचं मोठं पातं ठेवून 0.5 च्या पेन्सिलीने कड काढून घ्या. जुनं पातं त्या आकृतीवर ठेवलं की किती घासलंय ते लगेच दिसतं. टोकाकडे 2 मिमी कमी म्हणजे कुणीतरी ओढायचं धारयंत्र वापरलंय. या पात्यांचं पोलाद 56 एचआरसीचं (कठीणपणाचं रॉकवेल माप), मऊसरच. ते यंत्र टोकाजवळ एकाच ठिकाणी पोट खात जातं आणि मग पातं मिटल्यावर टोक बाहेर डोकावतं. असा नग ‘वापरलेला’ म्हणूनच विकायचा. दुसरी चाचणी: पातं अर्धं उघडून अंगठ्याने डावी-उजवीकडे दाबा. हललं तर आधी खीळ धुवून बघा, कारण आत साचलेली खिशातली लव पात्याला पूर्ण बसू देत नाही आणि तो दोष खिळीचा वाटतो. कात्रीची पानस्प्रिंग तुटली असेल तर बदलून मगच फोटो काढा. चिमूटभर तुकडा आहे, पण तो नसला की घेणारा निम्म्याने भाव पाडतो.

धुणं: प्लॅस्टिकच्या मुठीचे, स्टेनलेस पात्यांचे चाकू कोमट पाण्यात, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, दहा मिनिटं. पाण्यातच प्रत्येक अवजार दहा-बारा वेळा उघडमीट, जुन्या टूथब्रशने खाचा. उकळतं पाणी नको, सेलिडॉरची (लाल मुठींचं प्लॅस्टिक) मूठ वाकते. पुसून पंख्याखाली रात्रभर, मग प्रत्येक सांध्यावर लिक्विड पॅराफिनचा एकच थेंब. कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळतं, खाण्याच्या वस्तूला लागलं तरी चालतं. खोबरेल घालू नका. काही महिन्यांत चिकट होतं, वास येतो, आणि सांधा सुटायचा तो आणखी आवळतो.

कार्बन पोलादाला पाणी दाखवायचंच नाही. काळपट-निळसर झाक ही त्याची ढाल आहे, ती घासून चकचकीत केलीत तर जाणकार गिऱ्हाईक गेलं समजा. लाल गंज तेवढा काढायचा: तेल टाकून पितळी ब्रश, नाहीतर चार शून्यांची स्टीलवूल, अगदी हलक्या हाताने. धारही लावायची नाही. कारखान्याची धार शाबूत असेल तर तिचे पैसे मिळतात, आपल्या हौशी सहाणेचे नाही.

सगळ्यात जास्त वेळ ओपिनेलने खाल्ला. बीचच्या लाकडाची मूठ दमट हवेत फुगते, चीर आवळते आणि पातं नखाच्या खाचेतून ओढूनही येत नाही. हे ठाण्यात जुलैत व्हायचंच. पक्कडीने ओढलंत तर पात्यावर दात उठतील. फ्रान्सच्या साव्हॉय प्रांतातली रीत वापरा: पात्याच्या बुडाशी असलेली लॉकची कडी मोकळी करून मुठीचं मागचं टोक टेबलावर ठोकायचं, पातं जडपणाने बोटभर वर येतं. तेवढ्याने न भागल्यास सिलिका जेलच्या डब्यात आठवडाभर. कायमचा उपाय म्हणजे कोरड्या दिवसांत सांध्यात अळशीचं तेल मुरवणं. त्यासाठी आधी सर्क्लिप पक्कडीने कडी काढा, तेलाचे चार थेंब, पातं चार वेळा फिरवा, वर आलेलं पुसा, तीन दिवस उघडं वाळवा. जूनमध्ये हे करू नका, आत कोंडलेला ओलावा तसाच राहतो. तेल पुसलेली फडकी चुरगाळून कचऱ्यात टाकू नका, दोरीवर पसरून वाळवा. अळशीचं तेल वाळताना तापतं आणि गोळा केलेली चिंधी आपोआप पेटते. सहापैकी तीन ओपिनेल अशी तयार करून विकली. 8 नंबरची दोन होती, कार्बन आणि स्टेनलेस. पाते 8.5 सेमी. कार्बन ठेवलं, कैरी कापायला स्टेनलेस चांगलं असलं तरी. तो निव्वळ आवडीचा भाग.

भाव ठरवायचा आमचा ठोकताळा: आजच्या दुकानातल्या भावाच्या 70 टक्के, खोका आणि चिमटा-दातकोरणी जागेवर असेल तर 75, पातं घासलेलं असेल तर 50 च्या वर मागू नये. बंद झालेल्या नगांना हा हिशेब लागू नाही, त्यांना तुलनेला दुकानच नाही.

मुठी बघून घ्या. सांबराच्या शिंगाची मूठ असेल तर ती विकायला काढू नका, वन्यजीव संरक्षण कायदा 1972 आडवा येतो. जुन्या सेल्युलॉइडच्या मुठी वेगळ्या डब्यात. त्यातून निघणारी वाफ शेजारच्या पात्यांना खाते. सेलिडॉर हा वेगळा पदार्थ, त्याला ही खोड नाही.

देणंघेणं घरी किंवा ओळखीच्या दुकानात, सज्ञान माणसाशी. ठाणे आणि नवी मुंबई दोन्ही पोलीस आयुक्तालयांत सणासुदीला महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 चे मनाई आदेश (शस्त्रं बाळगायला बंदी) निघतात, तेव्हा स्टेशनबाहेर उभं राहून पाती उघडून दाखवायचा आचरटपणा नको. कुरियरसाठी चाकू मिटून आधी बटर पेपर, त्यावर चिकटपट्टी, मग जाड पुठ्ठ्याचा खोका. थेट चिकटपट्टी लावली तर मुठीवर गोंद राहतो. रबरबँड तर मुळीच नाही: त्यातल्या गंधकाने पितळ आणि जर्मन सिल्व्हर काळं पडतं. जमिनीवरून जाणारी सेवा मागा आणि आत काय आहे ते स्पष्ट लिहा.

जे ठेवले त्यांची सोय: चामड्याच्या म्यानातून सगळे बाहेर, कारण चामडं ओल धरतं आणि पितळेला हिरवा कळक चढतो. दहा लिटरच्या दोन हवाबंद डब्यांत प्रत्येकी रंग बदलणारं सिलिका जेल, एरवी 100 ग्रॅम, आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा 40 ते 50 मध्ये ठेवायचा. 35 च्या खाली गेला तर हाडाच्या मुठींना बारीक तडे जातात, म्हणून हाडाचे आणि लाकडाचे नग ज्या डब्यात आहेत तिथे 60 ग्रॅमच घातलंय. निळ्याचं गुलाबी झालं की ओव्हनमध्ये 120 अंशाला दोन तास.

निकाल न लागलेले चार: वेंगर या दुसऱ्या स्विस कंपनीचे 85 मिमीचे दोन आणि पितळी बोल्स्टरचे (मुठीच्या टोकाची धातूची टोपी) दोन लॉकबॅक. व्हिक्टोरिनॉक्सने वेंगर 2005 मध्ये घेतली आणि 2013 मध्ये चाकूंवरून ते नाव काढायचं जाहीर केलं, तेव्हा ते परत मिळणं दुकानदाराच्या हातात नाही. त्यांच्या दातेरी कात्रीला धार लावायची गरज पडत नाही हेही खरं. मात्र एकाची मूठ मागच्या पावसाळ्यात पिवळी पडली. लॉकबॅक दोघांतला एक पात्याच्या पाठीवर दाबल्यावर किंचित खाली बसतो. खाच धुवून, पुसून, दोन आठवडे डब्यात ठेवला आहे. जून संपता पुन्हा दाबून बघायचा. तेव्हाही बसला तर लॉक झिजलाय, तो विकायचा नाही, सुटे भाग म्हणून ठेवायचा.