उठवलेला गरुड

कॅमेऱ्याचं कार्ड कधीच रिकामं झालं, पण झोप येत नाही. त्या एकाच फ्रेमवर पुन्हा पुन्हा येतेय.

मोठा ठिपकेदार गरुड, कोवळा, पहिल्याच हिवाळ्यातला. पंख पूर्ण उघडलेले, त्यांवर पांढऱ्या ठिपक्यांच्या रांगा, मोजून घ्याव्यात इतक्या स्पष्ट. असा फोटो मला आजवर मिळाला नव्हता. आणि मिळाला तो त्या टोपीवाल्यामुळे.

हेच पचत नाहीये.

सकाळभर गरुड तिवरांतल्या वठलेल्या खोडावर नुसता बसून होता. ओहोटी पार तळाला गेलेली, चिखलावर ऊन तापू लागलेलं, त्या झळांनी स्कोपमधला, म्हणजे तिवईवरच्या दुर्बिणीतला, पक्षी थरथरत होता. सोबतच्या आप्पा आणि रेवाचं नेहमीचं सुरू: हा मोठा की भारतीय ठिपकेदार? आप्पांचं म्हणणं, चोचीची फट बघ, डोळ्याच्या मध्यापर्यंतच येते, भारतीयाची मागपर्यंत जाते. नाकपुडी गोल, म्हणजे स्टेपी गरुड नाहीच. माझ्या कॅमेऱ्यात तोवर एकच चित्र शेकडो वेळा: खोड, आणि त्यावर ठेवलेलं तपकिरी गाठोडं.

कंबर धरली होती. पाय चिखलात. कुणी सांगितलंय हे सगळं, असं मनात येऊन गेलंच. रेवाच्या वयाची असते तर... जाऊ दे.

मग पलीकडच्या बांधावरून तो वाकून वाकून पुढे सरकू लागला. अंगात झाडापानांचं जॅकेट, डोक्यावर पांढरीशुभ्र टोपी! आधी चिखल्या आणि तुतारी उठले, थवाच्या थवा. गरुडाने मान लांब केली, पिसं अंगासरशी आवळली, शेपटीखालून पांढरी पिचकारी सोडली. हे दिसलं की उडणार हे ठरलेलं. माझं बोट शटरवर होतंच. गरुड त्याच्याकडे पाठ करून थेट आमच्या दिशेने सुटला.

त्यानंतर आम्ही टोपीवाल्यावर ओरडलो. सगळ्यांत मोठा आवाज माझा. पण बर्स्ट, म्हणजे सलग फोटोंची ती सर, संपल्यावर, हे आत्ता लक्षात येतंय.

राग खरा होता. हिवाळ्यात इथवर आलेल्या पक्ष्याला एकेक उड्डाण महाग पडतं. 2022 मध्ये युक्रेनवरून विणीच्या जागी परतणाऱ्या याच जातीच्या टॅग लावलेल्या 19 गरुडांचा अभ्यास झाला होता. युद्धामुळे त्यांना वाट वाकडी करावी लागली, सरासरी 85 किलोमीटर जास्त उडावं लागलं, वाटेतले थांबेही कमी झाले. त्यापुढे एका माणसाने बांधावरून चार पावलं टाकली, हे काहीच नाही. नाही का? की असं म्हणायला मला आज बरं वाटतंय? जगभरात 'असुरक्षित' म्हणून नोंदलेला पक्षी, आणि मी त्याच्या घाबरण्याची शटर स्पीड बघत बसलेय.

फोटो पुसणार का? नाही. हे उत्तर इतक्या पटकन आलं की हसूच आलं.

गरुड तो त्रास विसरलाही असेल. थोड्याच वेळात लांबवर दलदली भोवत्या या दुसऱ्या शिकारी पक्ष्याच्या मागे लागलेला दिसला, बहुधा त्याची शिकार हिसकायला. साधूपण काही त्याच्याही अंगात नाही.

आप्पांना फोटो पाठवला, पिचकारीसकट, काहीही न कापता. उत्तर आलं: "फट मध्यापर्यंत. पक्का." टोपीवाल्याबद्दल अक्षर नाही. रेवाने अंगठा पाठवलाय, तो कुठल्या अर्थाने घ्यायचा कळत नाही.

त्या बिचाऱ्याच्या वाट्याला फक्त पाठमोरा गरुड आला असणार. शेपटीच्या मुळाशी असलेला पांढरा पट्टा मात्र त्याच्याकडे सुरेख मिळाला असेल, आणि नेमका तोच माझ्याकडे एकाही फ्रेममध्ये नाही. पुढच्या ओहोटीला टोपीवाला दिसला तर त्याच्याकडे तो फोटो मागावा म्हणते. आधी ओरडायचं की आधी मागायचं, ते तिथे गेल्यावर बघू.