एलईडीच्या परिपथात आधी व्होल्टेज, मग करंट

ऐरोलीच्या आमच्या सोसायटीतील आठवी ते दहावीची काही मुले रविवारी सकाळी माझ्याकडे इलेक्ट्रॉनिक्सचे प्रयोग करायला येतात. ओहमचा नियम (व्होल्टेजला रोधाने भागले की करंट मिळतो) त्यांना पाठ असतो, पण हातात मल्टिमीटर आला की बहुतेक जण थेट करंट मोजायला धावतात. माझा आग्रह असा की आधी व्होल्टेज मोजावे, कारण त्यासाठी परिपथ कुठेही तोडावा लागत नाही आणि नीट मोजलेल्या व्होल्टेजवरून करंट किती असणार हे आधीच काढता येते.

परिपथ अगदी साधा आहे: ९ व्होल्टची बॅटरी, ४७० ओहमचा रेझिस्टर (करंटला रोध करणारा घटक) आणि ५ मिलिमीटरचा लाल एलईडी, तिन्ही एकसर जोडणीत, म्हणजे एकामागोमाग एक, एलईडीचा लांब पाय धन बाजूला. रेझिस्टर ब्रेडबोर्डवर (घटकांचे पाय खोचून परिपथ जोडायच्या छिद्रांच्या पाटीवर) बसवण्यापूर्वी, सुटा असतानाच, मोजून घ्यावा. पिवळा, जांभळा, तपकिरी आणि शेवटी सोनेरी पट्टा म्हणजे ४७० ओहम, पण ५ टक्के कमी-अधिक. त्यामुळे तो ४५० भरला काय किंवा ४९० भरला काय, त्याला सदोष म्हणता येत नाही. आमचा ४६६ ओहम भरला. ही नोंद वहीत हवीच, कारण पुढचा सगळा हिशेब तिच्यावर उभा आहे.

आता मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून, एलईडी पेटलेला असताना, प्रोब, म्हणजे मीटरच्या तारांची टोके, एकेका घटकाच्या दोन टोकांना टेकवावेत. बॅटरीवर ८.९४, रेझिस्टरवर ६.९८ आणि एलईडीवर १.९६ व्होल्ट मिळाले. शेवटच्या दोन आकड्यांची बेरीज पहिल्याइतकीच येते. गुस्ताव किरचॉफने १८४५ साली मांडलेला नियम असा स्वतःच्या वहीत बेरीज करून पडताळताना मुलांचे चेहरे खुलतात, आणि मलाही प्रत्येक वेळी तितकाच आनंद होतो. रेझिस्टरवरच्या ६.९८ व्होल्टला ४६६ ने भागले की करंट मिळतो १४.९८ मिलिअँपिअर. एकसर जोडणीत तोच करंट एलईडीतूनही वाहतो.

एवढे झाल्यावरच मीटर करंटसाठी लावायचा. एलईडीचा एक पाय ब्रेडबोर्डमधून उचलावा आणि सुटलेल्या दोन टोकांच्या मधे मीटर घालावा, म्हणजे करंटला मीटरमधूनच जावे लागेल. करंटच्या रेंजवर ठेवलेला मीटर बॅटरीच्या दोन टोकांना कधीही लावू नये. त्या रेंजवर मीटरचा स्वतःचा रोध फार कमी असल्याने बॅटरी जवळजवळ शॉर्ट होते आणि आतला फ्यूज उडतो. १० अँपिअरच्या सॉकेटला तर पुष्कळ स्वस्त मीटरांत फ्यूजच नसतो. काम संपताच लाल प्रोब आणि नॉब पुन्हा व्होल्टेजवर आणण्याची सवय मी पहिल्या दिवसापासून लावतो.

२० मिलिअँपिअरच्या रेंजवर मीटरने १४.६६ दाखवले. हिशेबापेक्षा कमी. नॉब २०० वर नेला तर तोच आकडा १४.९ झाला. नववीतल्या एका मुलीने लगेच विचारले, "काका, मग खरा आकडा कोणता?" प्रश्न फार चांगला होता. आमच्यासारख्या स्वस्त मीटरमध्ये २० च्या रेंजवर सुमारे १० ओहमचा रोध परिपथात शिरतो, २०० च्या रेंजवर मात्र साधारण १ ओहमचाच. ४६६ मध्ये १० मिळवून ६.९८ ला भागून पाहा, १४.६६ च मिळतील. म्हणजे मीटरने आपल्यासमोरचा करंट बरोबर मोजला, फक्त तो करंट मीटर मधे आल्यामुळे थोडा घटलेला होता. मीटर काढल्यावर परिपथात जो करंट वाहतो, त्याच्याशी रेझिस्टरवरच्या व्होल्टेजवरून काढलेले उत्तर अधिक जुळते.

नंतर ४७० च्या जागी ४.७ किलोओहमचा रेझिस्टर घातला. करंट दीड मिलिअँपिअरच्या आसपास आला, म्हणजे जवळजवळ दहाव्या हिश्श्यावर, पण एलईडीवरचे व्होल्टेज १.९६ वरून फक्त १.७९ झाले. एलईडीच्या जागी रेझिस्टर असता तर करंटबरोबर त्याच्यावरचे व्होल्टेजही जवळजवळ दहाव्या हिश्श्यावर आले असते. एलईडी ओहमच्या नियमाने चालत नाही, हे या दोन ओळींच्या नोंदीत स्पष्ट दिसते, आणि रेझिस्टर न लावता एलईडी थेट बॅटरीला जोडला तर तो का जळतो तेही इथेच उमगते: त्याच्यावरचे व्होल्टेज जरासे वाढले तरी करंट कित्येक पटींनी वाढतो.

पुढच्या रविवारी त्याच ४६६ ओहमच्या रेझिस्टरबरोबर पांढरा एलईडी घेणार आहोत. त्याच्यावर साधारण ३ व्होल्ट पडतील असे धरून करंट किती येईल, हे मुलांनी घरून काढून आणायचे आहे. मीटर त्यानंतरच बाहेर निघेल.