आब्लो की आब्लोऽ

दुपारी जेवणानंतर करायला उत्तम उद्योग: एखादं स्पॅनिश क्रियापद घ्यावं आणि त्याचे तुकडे पाडावेत. 'आब्लो', मी बोलतो. शेवटच्या 'ओ'वर जोर दिला की तेच 'तो बोलला'. काळ बदलला, माणूस बदलला, देवनागरीत मात्र दोन्हीकडे आब्लोच. दुसऱ्याला अवग्रह लावून भागवावं, तर तो 'अहोऽ'सारखा लांबतो. स्पॅनिश आघात हाक मारत नाही, ठसतो.

आघात शोधायचा तर आधी शब्द फोडायचा, आणि मराठी कान तिथेच घसरतो. यमाताराजभानसलगा घोकलेली पिढी ती! जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू, म्हणून हात आपसूक 'आब्-लो' अशी रेघ मारतो. स्पॅनिशला ती नामंजूर. ब्ल, ब्र, क्ल, त्र ही जोडपी फुटत नाहीत: आ-ब्लो. 'गाणे' या अर्थाचा कान्तार मात्र खुशाल कान्-तार तुटतो.

स्वरांत आ, ए, ओ दणकट. दोन दणकट शेजारी आले तरी चुली वेगळ्या. इ आणि उ त्यांचे पोटभाडेकरू, आघात अंगावर येईपर्यंत. कोन्-ती-नू-ओ, मी चालू ठेवतो: चार अवयव, म्हणजे उच्चाराचे तुकडे, जोर 'नू'वर. कोन्-ती-न्वो, त्याने चालू ठेवलं: तीनच, जोर शेवटी. त्याच तिनांत जोर 'ती'वर नेला, तर क्रियापदच उरत नाही. 'अखंड' असं विशेषण होतं.

पुढचं सोपं. शब्दाच्या शेवटी स्वर, न किंवा स असेल तर जोर शेवटून दुसऱ्यावर, एरवी शेवटावर. न आणि स यांनाच सवलत का, ते आब्ला (तो बोलतो), आब्लास (तू बोलतोस), आब्लान (ते बोलतात) ओळीने म्हटलं की कळतं. प्रत्यय लागले तरी जोर जागचा हलत नाही. शेवटच्या अक्षरावरून ठरणाऱ्या या नियमाला अपवाद झाला की स्वरावर तिरपी रेघ, तिल्दे. 'दा' म्हणजे दे. त्याला 'मला' आणि 'ते' चिकटून दा-मे-लो झालं की 'दा'वर रेघ चढते. जोर तिथेच, मागे शेपूट वाढलं.

रेघा उतरतातही. 'तो गेला' या अर्थाच्या 'फ्वे'वरची 1959 साली गेली. एकाच अवयवात जोर जाणार कुठे? आजीच्या पत्रातल्या 'नाहीं'वरचा अनुस्वार 1962च्या नियमांनी पुसला, तसंच. 2010मध्ये स्पॅनिश भाषेच्या अकादमीने 'रिओ', म्हणजे 'तो हसला', हाही लिहिण्यापुरता एकाच अवयवाचा ठरवून त्याची रेघ काढली. स्पेनमध्ये मात्र अनेकांच्या तोंडी तो अजून रि-ओ असा दोनदा हसतो.